भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलीच्या सामानाचा विमा कोणाच्या पॉलिसीत बसतो?

प्रश्न:
मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात चालली आहे. तीन मैत्रिणी मिळून फ्लॅट घेताहेत. घरमालक म्हणतात, इमारतीचा विमा आहे, काळजी नको. आमच्या राहत्या घराचाही विमा आहे. तिचा लॅपटॉप, फोन, सायकल यातल्या कशात बसेल? की वेगळी पॉलिसी घ्यावी?

उत्तर १:
ताई, मी विम्याच्या दाव्यांची पाहणी करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

घरमालकाचा विमा भिंती, छत आणि त्याने स्वतः दिलेल्या सामानाचा असतो. वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला की भाडेकरूंच्या खोलीत फुगलेली पुस्तकं आणि की-बोर्डमधून पाणी ठिबकणारा लॅपटॉप दिसतो. मालकाला रंगरंगोटीचे पैसे मिळतात, लॅपटॉपचे कोणालाच मिळत नाहीत. फार वाईट वाटतं तेव्हा.

तुमच्या घराच्या पॉलिसीत शिकायला बाहेर राहणाऱ्या मुलांचं सामान कधीकधी धरतात, पण मर्यादेत. अमेरिकेतल्या पॉलिसींत ही मर्यादा बहुधा घरसामानाच्या रकमेच्या १० टक्के असते. हॉस्टेलला चालतं ते स्वतःच्या नावाने करार केलेल्या फ्लॅटला चालेलच असं नाही. कंपनीकडून लेखी उत्तर घ्या, तोंडी नको.

वेगळी पॉलिसी घेतलीत तर भरपाई नव्या वस्तूच्या किमतीने की घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, वजा करून, ते आधी बघा. जुन्या लॅपटॉपला घसारा लावला की हातात फारच थोडं पडतं. मैत्रिणीच्या पॉलिसीत तुमच्या मुलीचं नाव नसेल, तर तिचं सामान त्यात येत नाही.

आणि दायित्वाचं, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारं, कलम घ्याच. नळ उघडा राहिला आणि खालच्यांचं छत खराब झालं, तर ते बिल लॅपटॉपपेक्षा कितीतरी मोठं असतं. मुलं नेमकं हेच वगळतात.

उत्तर २:
चोरीचं कलम नीट वाचा. माझ्या रूममेटचा फोन दार उघडं असताना गेला. कुलूप तोडल्याची खूण नाही म्हणून दावा नामंजूर झाला. सुट्टीत घर बरेच दिवस बंद राहिलं तरी काही पॉलिसींत चोरीचं संरक्षण थांबतं.

प्रश्नकर्ती:
सुट्टीचं डोक्यातच आलं नव्हतं. वस्तू तिचीच होती, हे दाखवायला काय लागतं?

उत्तर १:
बिलं आणि सीरियल नंबर. बिल हरवलं असेल तर खोक्यावरचा नंबरही उपयोगी पडतो. सामान लावून झालं की खोलीभर फिरवून एक व्हिडिओ काढायला सांगा, कपाटं उघडून, आणि तो तुम्हाला पाठवू दे. फोनमध्येच ठेवला आणि फोनच गेला तर पुरावाही गेला. चोरी झाली तर आधी पोलिसांत तक्रार आणि लगेच कंपनीला कळवणं. पाणी शिरलं तर फोटो काढल्याशिवाय काहीही फेकू नका. भिजलेली गादी मुलं घाईने टाकून देतात, मग मला पाहायला काहीच उरत नाही.