अंगणात एकच मोठं झाड की कांद्याची फुलझाडं? (जांभा जमीन, समुद्रापासून पाऊण किलोमीटर)

खळ्याकाठी (प्रश्न)

नमस्कार. मालवण तालुक्यात ३ गुंठ्यांचं आवार आहे. घर सोडून पश्चिमेला साधारण २५ फूट रुंद, ४० फूट लांब पट्टा मोकळा राहतो. वर दीड फूट तांबडी माती, खाली सलग जांभा खडक. मार्च ते मे दुपारनंतर पश्चिमेची भिंत तापते, म्हणून सावली हवी. घरातल्या काहींचं म्हणणं, मोठं झाड कशाला, भिंतीची डोकेदुखी. त्यापेक्षा निशिगंध, लिली असे कांदे लावा, पहिल्याच वर्षी फुलं मिळतील. प्रश्न असे:
१) या जागेत झाड बरं की कांदे?
२) परदेशातल्या बागांच्या फोटोत मोठ्या झाडाखाली डॅफोडिलचे गालिचे दिसतात. तसं इथे जमेल का?
३) झाड लावायचं तर कुठलं आणि भिंतीपासून किती लांब?

जांभा_आणि_पहार

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. थंड देशात ओक, बीच यांसारखी झाडं हिवाळ्यात निष्पर्ण असतात. वसंतात त्यांना पालवी फुटण्याआधी काही आठवडे जमिनीपर्यंत ऊन पोचतं. डॅफोडिल तेवढ्यात पानं काढतो, फुलतो, पानांनी कमावलेलं अन्न कांद्याच्या पाकळ्यांत साठवतो आणि झाड दाट होईपर्यंत झोपी जातो. दोघांचं वेळापत्रक वेगळं म्हणून एका जागेत भागतं.

कोकणात नेमकं उलट आहे. आपल्या कांद्यांचा हंगाम जून ते सप्टेंबर, आणि तेव्हाच झाडं सर्वांत दाट असतात, वर आभाळही भरलेलं. पांगारा, सावर यांच्यासारखी पानगळीची झाडं बोडकी होतात ती उन्हाळ्यात, जेव्हा कांदा जमिनीखाली कोरडा पडलेला असतो. त्या मोकळ्या उन्हाचा त्याला काडीचा उपयोग नाही. शिवाय डॅफोडिल आणि ट्युलिपच्या कांद्याला फुलण्यासाठी काही आठवड्यांची थंडी लागते, ती इथे नाही. तो फोटो विसरा.

त्यामुळे झाडाखाली कांदे असा विचार न करता झाडाशेजारी कांदे असा करा. २५ बाय ४० फुटांत दोन्ही बसतात, फक्त दिशा नीट धरायला हवी.

सावलीसाठी झाड थेट पश्चिमेला लावायची सवय असते. मालवणच्या अक्षांशावर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य मध्यान्हीला डोक्यावर येतो आणि पश्चिमेच्या चांगला उत्तरेकडे सरकून मावळतो. म्हणजे चार-साडेचारचं जे ऊन भिंत तापवतं, ते पश्चिमेकडून जरा वायव्येला झुकूनच येतं. उलट पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा. झाड नैर्ऋत्येला लावलंत तर ते पडताना घरावर येणार. पट्ट्याच्या वायव्य टोकाला लावलंत तर भिंतीच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागाला कामाच्या वेळी सावली मिळेल आणि वारा झाडाला ईशान्येकडे, घराला बगल देऊन पुढे ढकलेल. चक्रीवादळात वारा दिशा बदलत राहतो, तेव्हा हा हिशोब पुरता लागू होत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगर भागात नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. पण दरवर्षीच्या झंझावाताला हा दिशेचा हिशोब पुरतो.

मग पट्ट्याचा नैर्ऋत्येकडचा तुकडा मोकळा राहतो. तिथे कांदे लावा.

झाड कुठलं: रेन ट्री आणि गुलमोहर नको. रेन ट्रीचा पसारा या आवारापेक्षा मोठा होतो, आणि दोघांच्याही फांद्या पावसाच्या वजनाने, वाऱ्याने फाटतात. वड-पिंपळ घराशेजारी अजिबात नको. अगदी किनाऱ्यालगत असतात तर उंडी किंवा भेंड म्हणालो असतो, दोघंही खारा वारा सोसतात. पण उंडी २५ फुटांत मावणारी नाही. पाऊण किलोमीटरवर, पश्चिमेला गडगा (दगड रचलेली कुंपणभिंत) किंवा दुसरी झाडं आडोशाला असतील, तर बकुळ. लाकूड चिवट, पान लहान आणि दाट, सदाहरित, छाटणी सोसते. दोष एकच: वाढ मंद. खाली खुर्ची टाकून बसण्याइतकी सावली मिळायला दहाएक वर्षं धरा. भिंतीपासून किमान १५ फूट, सेप्टिक टँक आणि विहिरीपासून २० फूट.

आगरवाला

वरचं दिशेचं गणित पटलं. खड्ड्याबद्दल लिहितो, कारण जांभ्यात झाडं जास्त करून तिथेच मरतात.

३ बाय ३ बाय ३ फूट खड्डा एप्रिल-मेमध्ये मारा. वरची दीड फूट माती वेगळी काढून ठेवा. खालचा जांभा पहारीने फुटला तर उत्तम, नाहीतर ब्रेकर लावा. आता हा खड्डा म्हणजे दगडात कोरलेलं टाकं आहे हे ध्यानात घ्या. पावसात त्यात पाणी तुंबलं की मुळं गुदमरतात, पानं पिवळी पडतात, आणि लोक पाणी कमी पडलं समजून आणखी ओततात. खड्डा पाण्याने भरा. २४ तासांत उतरला तर ठीक. नाही उतरला तर उताराच्या बाजूने तळापर्यंत एक वीत रुंद चर काढून त्यात जांभ्याचे तुकडे भरा.

भरणी: काढून ठेवलेली माती, २ ते ३ घमेली कुजलेलं शेणखत, १ किलो सिंगल सुपर फॉस्फेट, वाळवीसाठी १ किलो निंबोळी पेंड. ताजं शेण टाकू नका, वाळवीला तेच आमंत्रण. खड्डा जमिनीच्या वर अर्धा फूट उंच भरा, पावसात तेवढा खचतो. रोप पहिला चांगला पाऊस होऊन माती आत ओली झाल्यावर, साधारण जूनच्या मध्यावर लावा. कलम असेल तर जोड मातीत जाता कामा नये.

काठी रोपाच्या नैर्ऋत्येला रोवा, म्हणजे वाऱ्याने रोप काठीवर घासणार नाही. दोरी इंग्रजी आठाच्या आकारात, सैल. वर्षाने काढा, कायम बांधलेलं खोड जाड होत नाही. पहिले दोन पावसाळे समुद्राच्या बाजूने चुडतांचा (नारळाच्या झावळ्यांचा) आडोसा करा, नाहीतर खाऱ्या वाऱ्याने कोवळ्या पानांच्या कडा करपतात. डिसेंबर ते मे आठवड्यातून दोनदा १५ लिटर पाणी, तीन वर्षं. आळ्यात पातेरा (सुका पाला) घाला, पण खोडापासून वीतभर लांब.

आणि सावलीची घाई असेल तर बकुळीऐवजी करंज. पाच-सहा वर्षांत डोक्यावर येतो.

जांभा_आणि_पहार

करंज लवकर वाढतो हे खरं, पण मुळांतून फुटवे काढत राहतो. शेजारी कांद्यांचे वाफे असतील तर दरवर्षी ते फुटवे खणून काढायचे आणि त्यात कांदे कापले जायचे. नुसतं झाडच लावायचं असतं तर मीही हरकत घेतली नसती. आणखी एक: नागरी हद्दीत १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली मोठं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. आधी करंज लावू, मग काढू असं धरून चालू नका.

कंदमूळ

कांद्यांचं मी सांगते. झाड चुकलं तर दहा वर्षांनी कळतं, कांदा चुकला तर सप्टेंबरातच कळतं, म्हणून प्रयोग करायचे ते कांद्यांवर करा.

कोकणातला कांद्याचा शत्रू थंडी किंवा ऊन नाही, पाणी. गादीवाफा फूटभर उंच हवाच. माती २ भाग, नदीची जाड वाळू १ भाग, पूर्ण कुजलेलं खत १ भाग. खाडीची किंवा पुळणीवरची वाळू वापरू नका, मिठाने मुळं जळतात. वाफा छपराच्या पागोळ्यांपासून दोन फूट बाहेर धरा. पागोळीखालचा कांदा जुलैतच सडतो.

निशिगंध: दीड ते तीन सेंटिमीटर जाडीचे कांदे, ५ सेंटिमीटर खोल, २० ते २५ सेंटिमीटरवर, मेमध्ये. फूल यायला तीन-साडेतीन महिने. दिवसाला सहा तास ऊन लागतंच. एकदा फुललेला कांदा पुन्हा फुलत नाही, बाजूची पिल्लं फुलतात. म्हणून दोन-तीन वर्षांनी गड्डा उपटून पिल्लं वेगळी करा. वासासाठी एकेरी पाकळ्यांचे वाण घ्या: 'फुले रजनी' किंवा 'शृंगार'. दुहेरी दिसायला भरीव, पण पावसात पाणी धरून कुजतो.

पावसाळी लिली: ५ सेंटिमीटर खोल, १० सेंटिमीटरवर. कोरड्या दिवसांनंतर चांगली सर आली की फुलते. सर्वांत बिनतक्रार.

फुटबॉल लिली: मे-जूनच्या पहिल्या पावसाला लाल गोळा. मान मातीच्या पातळीला ठेवा. हिला अर्धी सावली चालते, त्यामुळे बकुळ मोठी झाल्यावर तिच्या पसाऱ्याच्या कडेला ही सरकवता येईल. नोव्हेंबरनंतर पानं गेली की पाणी बंद, एप्रिलअखेरपर्यंत.

स्पायडर लिली, नागदवणा: खारा वारा सोसतात, गडग्याकडच्या रांगेला ठेवा.

पानं भरपूर पण फूल नाही ही नेहमीची तक्रार. कारणं बहुधा तीन: सावली, नत्र जास्त (युरिया, ताजं शेण), किंवा गेल्या वर्षी फुलं संपल्यावर पानं "घाण दिसतात" म्हणून कापणं. पुढच्या वर्षीचं फूल त्या पानांवरच बनतं. पिवळी होऊन आपोआप गळेपर्यंत हात लावू नका.

खळ्याकाठी

खूप आभार. म्हणजे वायव्येला बकुळ आणि नैर्ऋत्येला वाफे. अजून एक विचारायचं होतं: आमच्या वरच्या सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) जुलै-ऑगस्टात पांढरी, उंच दांड्याची फुलं येतात, तीही कांद्याचीच आहेत. ती आणून लावली तर?

कंदमूळ

वर्णनावरून दीपकाडी वाटते. ती कोकणातल्या कातळसड्यांखेरीज फारशी कुठे नाही, तेव्हा उपटू नका. लावून फायदाही नाही. सड्यावर तिला बोटभर माती, भरपूर ऊन आणि पावसाळ्यानंतर कडकडीत कोरड लागते. खत-पाण्याच्या वाफ्यात ती सडते. तिथेच जाऊन बघा.

आगरवाला

दोन धोके राहिले. एक, जुलैपासून लिली, नागदवण्याच्या पानांवर काळ्या, पांढरे-तांबडे ठिपके असलेल्या अळ्या पडतात. दोन-चार दिवसांत पानं फस्त करून त्या कांद्याच्या मानेत शिरू शकतात, आणि पुढे तिथे पाणी जाऊन कुजतं. सकाळी हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. पावसात निंबोळी अर्क धुऊन जातो, उघडीप असेल तेव्हाच फवारा.

दुसरा, लिली आणि नागदवण्याचे कांदे विषारी असतात. कुत्र्याने किंवा लहान मुलाने चघळले तर उलट्या होतात. काढलेले कांदे स्वयंपाकाच्या कांद्यांजवळ टांगू नका. रानडुकरं किंवा साळिंदर येत असतील तर वाफ्याखाली आणि कडेने अर्ध्या इंचाची जाळी लागवडीआधीच टाकून घ्या.