‘बिल बघून कार्डियाक अरेस्ट आला’ हे बोलणं थांबवायला हवं का?

कृष्णाकाठची (सांगली):
हल्ली आपल्याकडे हे वाक्य फार कानावर पडतं. लाइट बिल बघितलं, कार्डियाक अरेस्ट. बेदाण्याचा दर उतरला, कार्डियाक अरेस्ट. पोरांच्या क्लासची फी ऐकली, तेच. परवा तर विश्रामबागेतल्या एका दुकानाच्या सेलच्या फलकावर ‘दर बघून कार्डियाक अरेस्ट येईल!’ असं छापलेलं दिसलं. शेजारी लाल हृदय आणि त्यावर सपाट रेघ.

माझं स्पष्ट मत आहे, हे बोलणं सोडलं पाहिजे. कुणाच्या भावना दुखावतात हा माझा मुद्दा नाही. समोर माणूस कोसळतो तेव्हा पुढचं मिनिट कशात जाणार, हे आपण त्याला काय झालंय असं समजतो यावर ठरतं. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते. माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, घामाघूम होतो, छातीत, जबड्यात, हातात कळा येतात, पण तो बोलतो. त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यायचं. अरेस्टमध्ये हृदयाची विजेची लयच बिघडते, ते नुसतं थरथरतं किंवा थांबतं आणि रक्त पुढे जात नाही. काही सेकंदांत शुद्ध जाते. छाती दाबली नाही, शॉक मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. जतहून मिरजेला गाडी पोचायला किती वेळ लागतो, तुम्हीच हिशेब करा.

अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, म्हणून घोटाळा होणं साहजिक आहे. त्यात आपण ‘मोठा धक्का बसला’ एवढ्याच अर्थाने तो शब्द वापरून आणखी भर घालतो.

गावभाग:
ताई, कळकळ पोचली, पण पटलं नाही. मराठी माणूस पहिल्यापासून शरीरावरूनच बोलत आलाय. काळजाचा ठोका चुकतो, धडकी भरते, पोटात गोळा येतो. उन्हातून आलं की ‘मेलो’ म्हणतो आणि ताक मागतो. पेपरात ‘प्रशासनाला लकवा’ असा मथळा येतो. लकव्यालाही वेळेचीच घाई असते ना? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच द्यावं लागतं. मग मथळा वाचून कुणी लकव्याच्या पेशंटला घरी बसवून ठेवलं, असं ऐकलंय का? माणसं थट्टा आणि आजार बरोबर ओळखतात. उद्या तुम्ही ‘डोकं फुटायची वेळ आली’ हेही बंद कराल.

वॉर्डातली ताई:
मी मिरजेत नर्स आहे. ओळखतात म्हणता, पण आमचा अनुभव निराळा आहे. नातेवाईक पेशंटला आणतात आणि सांगतात, ‘अटॅक आला, पडले, पण नंतर जरा घोरायला लागले, म्हणून झोप लागली असं वाटलं.’ ते घोरणं झोपेचं नसतं. हृदय थांबल्यावर सुरुवातीला असे अधूनमधून आचके लागतात. त्याला श्वास समजून कुणी छातीला हात लावत नाही. त्या वेळात काय केलेलं असतं? नाकाला कांदा, तोंडात पाणी, तळपाय चोळणं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

फलकावरच्या सपाट रेघेचंही सांगते. अचानक झालेल्या अरेस्टमध्ये पुष्कळदा सुरुवातीला रेघ सपाट नसते, वेडीवाकडी असते. तेव्हाच शॉकचा उपयोग होतो. रेघ पूर्ण सपाट झाली की शॉकने काही साधत नाही. म्हणून तर घाई.

येरळाकाठ:
मला लोकांपेक्षा डॉक्टरांना विचारायचंय. माझे वडील किडनीच्या आजाराने गेले, डायलिसिसवर होते. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहून मिळालं ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’. अहो, हृदय आणि श्वास थांबल्याशिवाय कोण मरतं? दवाखान्यात मृत्यू झाला की कारणासाठी नमुना ४ भरतात. मरण कशा रीतीने आलं ते लिहू नका, ज्या रोगाने किंवा दुखापतीने आलं ते लिहा, हे त्या नमुन्यावरच छापलेलं आहे. तरी सर्रास लिहितात. आणि शोकवार्तेत कुणीही अचानक गेला की ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’. ज्यांनी शब्द नीट वापरायचा तेच असं वागतात. मग बेदाण्याच्या सौद्यात बोलणाऱ्या शेतकऱ्याला का धरायचं? त्याचं बोलणं मला कधीच टोचलं नाही. त्या दाखल्याचं अजून टोचतंय.

कृष्णाकाठची:
दादा, तुमच्या दाखल्याचं ऐकून वाईट वाटलं, आणि ते फलकापेक्षा गंभीर आहे हेही मान्य. कारण चुकीचं लिहिलं की किडनीने किती माणसं जातात याची नोंदच चुकते. पण डॉक्टर चुकतात म्हणून बाकीच्यांना मोकळीक मिळत नाही.

गावभाग, लकव्याचं उदाहरण तुम्ही चांगलं दिलंत, पण ते माझ्याच बाजूचं आहे. लकवा मारलेला माणूस, त्याचं वाकडं झालेलं तोंड, लुळा पडलेला हात आपण गल्लीत पाहिलेला असतो. आधी आजार ठाऊक झाला, मग मथळा आला. कार्डियाक अरेस्टचं उलटं झालंय. पुष्कळांनी तो शब्द पहिल्यांदा थट्टेतच ऐकलाय, आणि खरा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नाही. १२ जून २०२१ ला कोपनहेगनच्या मैदानात डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन कुणाचा धक्का लागला नसताना कोसळला. तिथल्या लोकांना हा अरेस्ट आहे हे कळलं, जागेवर छाती दाबली, शॉक दिला. तो वाचला आणि पुढे पुन्हा खेळलाही. आपल्या मैदानात हेच घडलं तर पहिली हाक ‘पाणी आणा’ अशीच येईल, असं मला वाटतं.

यवतेश्वर चढ (सातारा):
मी साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनसाठी पळतो. यवतेश्वरचा घाट चढताना आमच्यातला कुणीतरी ‘आज अरेस्ट नक्की’ म्हणतोच. त्याच ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवायचं, शिकून घेतलंय. थट्टा आणि शिकणं दोन्ही एकत्र चालतं. असं बोलू नका म्हणालात तर लोक तुमच्यापुढे बोलणार नाहीत, एवढंच होईल. त्यापेक्षा कुणी म्हटलं की तिथल्या तिथे विचारा, ‘अरेस्ट आला तर काय करायचं, माहितीय का?’

वॉर्डातली ताई:
हे मला चालेल. उत्तरही इथेच देऊन ठेवते. खांदे हलवून हाक मारा. ओ देत नाही आणि श्वास नीट नाही, तर १०८ लावून फोन स्पीकरवर टाका. माणसाला कडक जागी उताणा झोपवा. छातीच्या मधोमध मनगटालगतचा तळहात, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ. मोठ्या माणसाची छाती दोन इंच खाली गेली पाहिजे आणि दर दाबानंतर पूर्ण वर आली पाहिजे. वेग मिनिटाला १०० ते १२०. तोंडाने श्वास देणं शिकला नसाल तर नुसतं दाबत राहा. दमलात की दुसऱ्याला लावा, पण थांबू नका. बरगडी मोडेल म्हणून घाबरून हलकं दाबणारे खूप बघितलेत. मोडलेली बरगडी जुळते.

गावभाग:
बोलण्यावर बंधन नको, हे माझं मत कायम आहे. आचक्यांचं मात्र मला खरंच माहीत नव्हतं. ताई, आमच्या मंडळाच्या मांडवात एखाद्या रविवारी हे दाखवायला याल का? चाळीसेक पोरं जमतील. बाहुली लागते, की उशीवर भागेल?

वॉर्डातली ताई:
येते. उशीवर हात कसे ठेवायचे ते कळतं, दोन इंच म्हणजे किती ते कळत नाही. बाहुली कुठून मिळते ते बघते. पोरांबरोबर त्यांच्या आयांनाही बोलवा, कारण दुपारी घरी त्याच असतात.