मदत हवी आहे: केस समोर ठेवली की वर्ग गप्प होतो

शेवंती
नमस्कार मंडळी. मी मुंबईत एका नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहे. बी.एस्सी.च्या तिसऱ्या सेमिस्टरला अ‍ॅडल्ट हेल्थ नर्सिंग शिकवते, म्हणजे आपलं जुनं मेडिकल-सर्जिकल. इथे डॉक्टर आहेत, काही सिस्टर्स आहेत, शिकवणारे तर बरेच आहेत, म्हणून इथेच विचारते.

आधी प्रसंग सांगते. गेल्या ऑगस्टमधला. मेडिकल वॉर्ड डेंग्यूने भरलेला, दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गाद्या टाकलेल्या. माझी एक विद्यार्थिनी सकाळचे व्हायटल्स घेऊन चार्ट दाखवायला आली. पंचविशीतला मुलगा, तापाचा पाचवा दिवस. ताप ९८.४, नाडी ११२, श्वास २०, बीपी १००/८४. अक्षर मोत्यासारखं. म्हणाली, "मॅडम, चार नंबरचा ताप उतरला, आता बरा आहे."

मी चार्ट पाहिला आणि तशीच चार नंबरकडे गेले. हात गार. पोट दुखतंय म्हणाला. पहाटेपासून दोनदा उलटी झाली होती, आणि तीही तिने इनटेक-आउटपुटच्या (शरीरात किती गेलं, किती बाहेर आलं त्याच्या) कागदावर नीट लिहिली होती. श्वास मी स्वतः मिनिटभर मोजले, ३२ भरले. वरचं बीपी १०० बघून तिला ठीक वाटलं, पण १०० आणि ८४ मध्ये अंतर किती, तर १६. डेंग्यूत ताप उतरायला लागतो त्याच सुमाराला केशवाहिन्यांतून रक्तातलं पाणी बाहेर झिरपू शकतं. मग शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून वरचं बीपी कसंबसं टिकवतं आणि खालचं चढतं. हे अंतर २० किंवा त्याखाली आलं की शॉकचा इशारा समजायचा. रेसिडेंट डॉक्टर धावत आले, सलाईन वाढवलं, मुलगा पाच दिवसांनी चालत घरी गेला.

मला लागून राहिलं ते वेगळंच. आदल्याच आठवड्यात टेस्टमध्ये डेंग्यूची धोक्याची लक्षणं विचारली होती आणि याच मुलीला पैकीच्या पैकी मार्क होते. पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) वाढणं, प्लेटलेट झपाट्याने उतरणं, सगळं ओळीने. तिला येत नव्हतं असं म्हणताच येणार नाही. वहीतली यादी म्हणजेच खाटेवरचा माणूस, हे तिला कुणी कधी जोडून दाखवलं नव्हतं. ते माझं काम होतं. आणि त्या दिवशी त्या रांगेतल्या आठही पेशंटचे श्वास २०च लिहिलेले होते.

म्हणून प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग, म्हणजे आधी पेशंटची अडचण समोर ठेवून मुलींनाच त्यावरून शिकू देणं, करून बघायचं ठरवलं. २०२१च्या नव्या अभ्यासक्रमात इंडियन नर्सिंग कौन्सिलनेही क्षमतांवर भर दिलाय, म्हणजे कागदावर अडचण नाही. ५२ जणांचे सहा गट केले, हीच केस छापून दिली, 'डेंग्यूचा पेशंट, चर्चा करा' म्हटलं. पहिला अर्धा तास शांतता. प्रत्येक गटात एखादी हुशार मुलगी बोलली, बाकीच्या मान हलवत बसल्या. दुसऱ्या दिवशी सहा गटांनी सहा कार्डशीट आणल्या. सहाही सारख्याच: व्याख्या, कारणं, लक्षणं, नर्सिंग मॅनेजमेंट. त्या मुलाचा साधा उल्लेखही कुठे नव्हता. शेवटी एकीने विचारलं, "मॅडम, हे पेपरला येणार का?"

माझं काय चुकलं? आम्ही दोघीच ट्यूटर आहोत, लहान गट कसे सांभाळू? आणि याला मार्क कशावर द्यायचे? प्राचार्य मॅडमना पद्धत आवडली आहे, पण पोर्शन वेळेत संपला पाहिजे हा त्यांचा आग्रहही चुकीचा नाही.

जुनीस्टाफ
शेवंतीताई, मी चौतीस वर्षं महापालिकेच्या हॉस्पिटलात काढली, शेवटची अकरा इन्चार्ज म्हणून. मुली वर्गात गप्प बसतात कारण वॉर्डात आपणच त्यांना गप्प बसायला शिकवतो. 'का' विचारलं की आमच्या वेळी उलट उत्तर दिल्यासारखं धरायचे. मीही माझ्या ज्युनिअरना तसंच वागवलंय, आता वाईट वाटतं.

एक करा. ओव्हर देताना-घेताना, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती सोपवताना, प्रत्येक मुलीला एकच वाक्य बोलायला लावा: "या पेशंटची मला काळजी वाटते, कारण..." किंवा "वाटत नाही, कारण..." त्या 'कारण'पुढे काहीतरी बोलावंच लागतं. वेळ काही लागत नाही, आठ पेशंटना दहा मिनिटं.

आणि श्वासाचं. २० लिहितात कारण नाडी, बीपी, ताप मोजायला हातात काहीतरी धरावं लागतं, श्वासाला नुसतं बघत उभं राहावं लागतं, आणि वॉर्डात नुसतं उभं राहणाऱ्या मुलीला लगेच कुणीतरी कामाला लावतं. नाडी मोजून झाली तरी मनगट तसंच धरून ठेवायचं आणि पूर्ण मिनिट छातीकडे बघायचं. पेशंटला कळलं की आपला श्वास मोजताहेत, तर तो बदलतो.

कोकणकन्या
मी जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे, मुंबईतच. मॅडम, आम्ही का बोलत नाही ते सांगू? चुकलं तर सगळ्यांसमोर "पुस्तक उघडलं नाहीस का" ऐकावं लागतं. आणि इंग्रजीत बोलायचं असतं. हॉस्टेलवर रात्री आम्ही पेशंटबद्दल तासतास बोलतो, पण मराठीत. वर्गात तेच बोलायला गेलं की आधी वाक्य जुळवण्यातच डोकं जातं.

हॅमिल्टनवासी
ताई, मी बारा वर्षांपूर्वी मुंबईहून कॅनडात आले, इथे नर्स आहे. योगायोग असा की ही पद्धत आमच्याच गावातली. हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ साली मेडिकल कॉलेज सुरू झालं ते याच पद्धतीने, आधी लेक्चर देण्याऐवजी आधी पेशंटची अडचण समोर ठेवून. पुढे नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्ट विद्यापीठाने तिच्या सात पायऱ्या बांधल्या. न कळलेले शब्द विचारा, अडचण काय ते ठरवा, जे सुचेल ते बोला, त्याची जुळणी करा, आपल्याला काय माहीत नाही ते लिहा, घरी जाऊन तेवढंच वाचा, परत येऊन एकमेकांना सांगा.

तुमच्या प्रयोगात मला चूक एकच दिसते, पण ती मुळावरची आहे. तुम्ही 'डेंग्यूचा पेशंट' असं लिहून दिलंत. नाव कळल्यावर मुली पुस्तकातलं पान उघडणारच. नाव देऊ नका. केस तुकड्यातुकड्याने द्या. पहिल्या कागदावर एवढंच: 'पंचवीस वर्षांचा मुलगा, पाच दिवस ताप होता, आज उतरला, पोट दुखतंय म्हणतो.' आता नर्स म्हणून तुला अजून काय बघायचंय, काय विचारायचंय? ज्या गटाने बीपी विचारलं त्यालाच बीपीचा कागद मिळेल. ज्यांनी श्वास विचारला नाही, त्यांना तो मिळणार नाही. वॉर्डात असंच असतं ना, जे बघितलं नाही ते कळत नाही.

५२ जणांना खरं तर आठेक जणांचे सात गट लागतील. दोघीत होतं. एका वेळी अर्धा वर्ग वॉर्डात आणि अर्धा तुमच्याकडे, तुम्ही गटागटातून फिरायचं. गटाची एक प्रमुख, एक लिहिणारी, आणि दर वेळी माणसं बदलायची म्हणजे त्याच हुशार मुलीवर भार पडणार नाही. सगळ्यात अवघड काम तुमचं आहे: उत्तर माहीत असून न सांगणं. मला पहिल्या दिवशी इथल्या ट्यूटरचा राग आला होता, काही विचारलं की म्हणायची, "तुला काय वाटतं?"

पॅथॉलॉजीवाला
थोडा वेगळा सूर लावतो. मी मेडिकल कॉलेजात शिकवतो. या पद्धतीचं कौतुक होतं तेवढे पुरावे भक्कम नाहीत. १९९३ साली दोन मोठे आढावे आले, त्यांत विद्यार्थ्यांना ही पद्धत जास्त आवडते आणि पेशंटसमोर ते थोडे सरस ठरतात असं दिसलं, पण मूलभूत विषयांच्या परीक्षेत ते कधीकधी मागे पडतात असंही दिसलं. २००६मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षणाच्या अभ्यासकांनी तर स्पष्ट मांडलं की नवशिक्याला फार मोकळं सोडलं तर त्याच्या डोक्यावर नुसता भार पडतो, शिकणं होत नाही.

म्हणून माझं म्हणणं, पहिल्या दोन-तीन केस तुम्ही स्वतः फळ्यासमोर मोठ्याने विचार करत सोडवा. "नाडी ११२. ताप नाही, मग नाडी का पळतेय? पाणी कमी पडलंय का? मग बीपीचं अंतर बघते." तुमच्या डोक्यात त्या सकाळी चार सेकंदांत जे झालं ते मुलींना कधी ऐकूच आलं नाही, त्यांना फक्त तुम्ही जाताना दिसलात. पोरांना आधी विचार करताना कुणीतरी दिसावं लागतं.

हॅमिल्टनवासी
सर, बरोबर आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पूर्ण मोकळं सोडू नये. पण त्या मुलीकडे माहिती होती, पूर्ण मार्कांची होती. कमी पडली ती वापरण्याची सवय, आणि ती लेक्चर वाढवून येणार नाही.

शेवंतीताई, मार्कांसाठी: नर्सिंगच्या अभ्यासक क्रिस्टीन टॅनर यांनी २००६मध्ये नर्सच्या विचाराचे चार टप्पे मांडले, लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं, मागे वळून बघणं. त्यावरून लॅसेटर यांनी २००७मध्ये गुण देण्याचा तक्ता केला, प्रत्येक मुद्द्याला चार पातळ्या. उत्तर बरोबर आलं का यापेक्षा तिथवर मुलगी कशी पोचली याला त्यात मार्क मिळतात. इंटर्नल असेसमेंटपुरता तो सहज वापरता येईल.

शेवंती
सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

आधी दोन केस फळ्यासमोर मोठ्याने सोडवल्या. एकीत मी स्वतःच अडखळले आणि मुली पहिल्यांदा सरसावून बसल्या. मग कोकणकन्या, तुझं ऐकून जाहीर केलं की चर्चा मराठीत, हिंदीत, घरी बोलता तशी करा, लिहिताना इंग्रजी. वर्गाचा आवाज इतका वाढला की शेजारच्या वर्गातून निरोप आला. बीड-नांदेडकडच्या ज्या मुलींचा आवाज वर्षभरात ऐकला नव्हता त्या वाद घालत होत्या. एका गटाने पहिल्या कागदावर प्लेटलेट किती एवढंच विचारलं, वॉर्डात नातेवाईक विचारतात तसं. दिल्या, ९०,०००. "मग ठीक आहे" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. दुसऱ्या गटाने हात गार आहेत का विचारलं. शेवटी दोन्ही गट समोरासमोर आणले. पहिल्या गटातली एक जण बराच वेळ कागदाकडे बघत होती, मग म्हणाली, "आम्ही त्याला हातच लावला नाही."

वेळ दुप्पट गेला, हे प्राचार्य मॅडमना खरं खरं सांगितलं. सेमिस्टरला चार केस एवढ्यावर आमचं जमलंय, बाकीचं लेक्चरमध्ये. टॅनर यांचे चार टप्पे मराठीत असे केलेत: काय दिसलं? त्यावरून काय वाटलं? काय केलं? पुन्हा असं झालं तर? वह्यांत आता हे चार रकाने आहेत. आणि जुनीस्टाफताई, तुमचं 'कारण'चं वाक्य रोज ओव्हरला चालू आहे. श्वासाचे आकडे १८, २२, २६ असे यायला लागलेत.

आता दुसरी मदत हवी. पुढची केस लेप्टोची, म्हणजे पावसाच्या साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, करायची आहे. पुस्तकातला पेशंट पुस्तकासारखाच बोलतो. मला खरी वाक्यं हवीत. तुमच्यापैकी कुणाला, घरच्यांना लेप्टो झाला असेल तर पहिल्या दोन दिवसांत ते काय म्हणत होते, त्यांच्या शब्दांत सांगाल का? नावगाव नको.

पाऊसवेडा
२६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तो दिवस. बाबा सायनहून कुर्ल्यापर्यंत कमरेएवढ्या पाण्यातून चालत आले होते. आठवड्याभराने ताप आला. म्हणायचे, "पोटऱ्या कुणीतरी पिळतंय रे." आम्हाला वाटलं एवढं चालले, दुखणारच. आई तेल चोळत होती. डोळे लाल झाले होते, तेही जागरणाचं समजलो. तिसऱ्या दिवशी आईच म्हणाली, "सकाळपासून बाथरूमला गेलेले नाहीत." तेव्हा उचलून नेलं. बरे झाले, पण नेलं ते आईच्या त्या एका वाक्यामुळे.

शेवंती
दादा, बाबांना नमस्कार सांगा. पहिल्या कागदावर "पोटऱ्या कुणीतरी पिळतंय रे" एवढंच लिहिते. आईचं वाक्य जो गट घरच्यांशी बोलायचं आहे म्हणेल त्यालाच देईन.