देशभरातून आलेल्या मुलांसोबत शिकताना: आपले अनुभव

माणिकमोती:
भाचीला यंदा जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या एकत्रित जागावाटपाच्या फेरीत दूरच्या राज्यातील एनआयटी (केंद्र सरकारची अभियांत्रिकी संस्था) मिळाली. जागावाटपाच्या पत्रावर ‘अदर स्टेट’ असे छापलेले पाहिले आणि माझी वसतिगृहातील वर्षे डोळ्यांपुढे उभी राहिली. एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातील आणि निम्म्या राज्याबाहेरील उमेदवारांसाठी असतात, त्यामुळे आमचा वर्ग कागदावर अगदी अठरापगड होता. प्रत्यक्षात मेसमध्ये स्थानिकांचे टेबल वेगळे, हिंदीभाषकांचे वेगळे, आणि आम्ही दोघी-तिघी मराठी मुली जिथे जागा मिळेल तिथे. सरमिसळ झाली ती प्रयोगशाळेत, कारण तिथल्या जोड्या हजेरीपटाच्या क्रमाने लावत. माझ्या वाट्याला आलेली मणिपूरची मुलगी ऑसिलोस्कोप माझ्यापेक्षा सफाईने हाताळायची, जर्नल मात्र माझे पाहून उतरवायची. सुरुवातीला आमचे बोलणे मोडक्यातोडक्या हिंदीत चाले. पुढे भांडणेही व्यवस्थित करता येऊ लागली. आपणही अशा संस्थेत शिकला असाल तर जरूर लिहावे.

वैनगंगा:
ताई, एनआयटीच्या प्रवेशात ‘होम स्टेट’ म्हणजे जन्माचे किंवा रहिवासाचे राज्य नव्हे, तर बारावी जिथून उत्तीर्ण झालात ते राज्य. माझा धाकटा भाऊ भंडाऱ्याचा. क्लाससाठी राजस्थानातील कोटा शहरात गेला आणि बारावीचा प्रवेशही त्याने तिथल्याच शाळेत घेतला. परिणामी घराजवळच्या नागपूरच्या व्हीएनआयटीत तो परराज्यातील ठरला आणि जयपूरच्या एमएनआयटीत स्थानिक! शेवटी जयपूरलाच शिकला. तिथे कागदोपत्री तो राजस्थानचा, गणपतीच्या वर्गणीला मात्र पहिल्याच वर्षी महाराष्ट्र मंडळाने त्याला गाठले.

पळसफूल:
मी दिल्लीच्या जेएनयूत (जवाहरलाल नेहरू विद्यापीठात) एम.ए. आणि एम.फिल. केले. तिथे राज्याचा कोटा नव्हता. मागास जिल्ह्यांतून आलेल्यांना प्रवेशाच्या वेळी काही जास्तीचे गुण मिळत. जिल्हा मागास आहे की नाही हे जनगणनेतील स्त्री-निरक्षरता, ग्रामीण लोकसंख्या, शेतीवर अवलंबून असलेले लोक, घरात शौचालय नसणे अशा आकड्यांवरून ठरे. मला ही पद्धत राज्याच्या कोट्यापेक्षा अधिक न्याय्य वाटते, कारण पुणे आणि गडचिरोली यांना एकाच ‘महाराष्ट्र’ या रकान्यात टाकण्याचा आंधळेपणा तीत नाही. आमच्या चर्चासत्रात दुष्काळ हा विषय निघाला, तेव्हा ओडिशातील बोलांगीरच्या वर्गमित्राने स्थलांतरित मजुरांना दिल्या जाणाऱ्या उचलीचा हिशेब तोंडपाठ सांगितला, आणि आमच्या प्राध्यापकांनी स्वतःची वही काढून तो उतरवून घेतला. एम.फिल. व पीएच.डी.च्या प्रवेशातून हे गुण 2017 मध्ये काढले गेले. नंतरच्या तुकड्यांतील ओळखीच्यांशी बोलताना असे वर्गमित्र कमी ऐकू येतात, अर्थात ही माझी समजूत आहे.

माणिकमोती:
पळसफूल, उचलीचा प्रसंग फार आवडला. वैनगंगा, भाऊंना नमस्कार सांगा. वर्गणी दिली की नाही?

वैनगंगा:
दिली, आणि पुढच्या वर्षी खजिनदार होऊन दुपटीने वसूल केली.

गोदाकाठ:
राज्यातल्या राज्यातही हे दुखणे आहेच. वैद्यकीय प्रवेशासाठी पूर्वी महाराष्ट्रात 70:30 सूत्र होते, म्हणजे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या विभागांपैकी आपल्या विभागातील महाविद्यालयांत 70 टक्के जागा विभागातल्यांना. दिसायला समन्यायी, परंतु मराठवाड्यात महाविद्यालयेच कमी असल्याने चांगले गुण मिळवूनही आमची मुले मुंबई-पुण्याच्या दारातून परत येत. 2020 मध्ये सूत्र रद्द झाले, तेव्हा परभणीला आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. मुलगी आज मुंबईत शिकते आहे. तिची खोलीतील मैत्रीण चंद्रपूरची आहे, आणि ‘नळाला पाणी किती दिवसांनी येते’ या विषयावर दोघींचे पहिल्याच रात्री सूर जुळले.

अक्षांश:
थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. आयआयटीत माझ्या मजल्यावर दहाएक राज्यांतील मुले होती, पण बहुतेकांचे वडील नोकरदार, शाळा इंग्रजी माध्यमाची आणि क्लासच्या नोट्स त्याच दोन-तीन मोठ्या संस्थांच्या. बंगळूरु आणि गुरुग्रामच्या मुलांत जेवणापलीकडे फारसा फरक मला आढळला नाही. नंदुरबारच्या आदिवासी भागातील अक्कलकुव्याहून आलेला एकच मुलगा होता, आणि तो कोणत्याही राज्याच्या टेबलावर बसत नसे, मराठीसुद्धा. नकाशावरचे अंतर मोजणे सोपे असते म्हणून संस्था तेच मोजतात, असे माझे मत आहे.

रानजाई:
अक्षांश दादा, मुद्दा पटला, पण पूर्ण नाही. मी नवोदयची, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेची विद्यार्थिनी. तिथे बहुतांश जागा ग्रामीण भागाला असतात आणि नववीत काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातील नवोदयमध्ये पाठवतात. मी ते वर्ष उत्तर प्रदेशात काढले. पुढे केंद्रीय विद्यापीठात गेले, तेव्हा भोजपुरीत चाललेली थट्टा मला कळत होती, हे थट्टा करणाऱ्यांना बरेच दिवस माहीत नव्हते. त्या अक्कलकुव्याच्या मुलाशेजारी तुम्ही कधी बसलात का, एवढे मात्र लिहा.