मदत हवी आहे: लॅपोनाईट घातले तरी जेल मऊच

फोंडेकर_बी: जेलएमए (प्रकाशाने पक्के होणारे जिलेटिन) १० टक्के, लॅपोनाईट (मातीचे नॅनोकण) २ टक्के, कार्टिलेजच्या (सांध्यातल्या कूर्चेच्या) खड्ड्यात भरायला. फ्रिजमधून काढले की घट्ट, कॉम्प्रेशन मशीनवर ठेवेपर्यंत लगदा. पांढऱ्या गुठळ्याही दिसतात. सोमवारी गाइडना आकडे द्यायचेत. लॅपोनाईट ४ टक्के करू का? लवकर सांगा.

ताळगाव_पठार: दिवा कुठला? इनिशिएटर (प्रकाश पडला की जाळे बांधायला लावणारे रसायन) कुठला? पाण्यात केलेस की पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट द्रावणात)? कण न घातलेला नमुना किती घट्ट?

फोंडेकर_बी: पीबीएस, अर्थातच. दिवा नेहमीचाच. प्रश्न कणांचा आहे.

म्हापशेकर: लॅपोनाईट सोड. नॅनो हायड्रॉक्सीॲपटाईट (हाडातले खनिज) घाल, घट्टपणा येतोच.

बांबोळीची_बाय: आणि कार्टिलेजच्या जागी हाड? त्या खनिजाजवळ पेशी हाडाच्या वाटेने जातात. दोन थरांचे जेल असेल तर हाडाला टेकणाऱ्या खालच्या थरात ठीक, वरच्यात नको.

म्हापशेकर: त्याने पेशी घातल्यात कुठे? नुसता दाबून बघतोय तो.

ताळगाव_पठार: गुठळ्या पीबीएसमुळे. लॅपोनाईटच्या चकत्यांवर ऋण भार असतो म्हणून त्या पाण्यात सुट्या राहतात. मिठाने तो झाकला की एकमेकींना चिकटतात. १० मिलीसाठी असे कर: ५ मिली गार डिआयनाइज्ड (क्षार काढलेले) पाणी जोरात ढवळत २०० मिग्रॅ पावडर चिमटीचिमटीने सोड, पारदर्शक होईपर्यंत थांब. मग लगेच वापर, ठेवलेस तर आपोआप थिजते. वेगळ्या ४ मिली पाण्यात ५० अंशाला १ ग्रॅम जेलएमए विरघळव, ४० वर आणून लॅपोनाईटमध्ये थेंबाथेंबाने. उरलेल्या १ मिलीत इनिशिएटर. पीबीएस जेल झाल्यावर, भिजवायला. आणि पावसाळ्यात गार बाटली लगेच उघडू नकोस, जेलएमए ओलावा ओढते. वजनात पाणीच मोजशील.

लगद्याचे कारण मात्र वेगळे. फ्रिजमधला घट्टपणा नुसत्या जिलेटिनच्या गोठण्याचा. एसीशिवाय आपली खोली २८-३० अंश, तिथे ते सुटणारच. एक तुकडा रात्रभर ३७ अंशाच्या पीबीएसमध्ये ठेव. विरघळला तर प्रकाशाने जाळे बांधलेच नाही. आता तरी इनिशिएटर सांग.

फोंडेकर_बी: इर्गाक्युअर २९५९, ०.५ टक्के. ४०५ नॅनोमीटरचा एलईडी.

बांबोळीची_बाय: अरे बाब! २९५९ ला ४०५ चा प्रकाश दिसतच नाही. ३६५ चा दिवा घे, नाहीतर एलएपी हा दुसरा इनिशिएटर वापर, ०.१ ते ०.२५ टक्के, ते ४०५ वर चालते. साच्यावर काच ठेव, हवेतल्या ऑक्सिजनने वरचा थर कच्चा राहतो.

वास्को_वाचक: गुडघ्यात इंजेक्शनने देतात ते जेल हेच काय? आईसाठी विचारतोय.

बांबोळीची_बाय: नाही हो. ते हायलुरॉनिक ॲसिड, वंगणाचे काम करते. खड्डा भरत नाही. आईंना ऑर्थोपेडिकला दाखवा.

म्हापशेकर: एवढे करून किलोपास्कलच मिळणार. खऱ्या कार्टिलेजचा मॉड्युलस (घट्टपणाचे माप) ०.५ ते १ मेगापास्कलच्या आसपास. अल्जिनेटचे (समुद्री शेवाळातले, कॅल्शियमने बांधले जाते ते) दुसरे जाळे घाल, कॅल्शियम क्लोराईडमध्ये बुडव.

ताळगाव_पठार: आणि पीबीएसमध्ये ठेवले की फॉस्फेट ते कॅल्शियम ओढून घेणार, जाळे ढिले. शिवाय फार दाट जाळ्यात पेशींना मॅट्रिक्स (स्वतःभोवतीचा आधार) पसरायला जागा उरत नाही. आधी साधे जेल तरी उभे राहू दे.

म्हापशेकर: जेल कार्टिलेजला चिकटते का तेही बघ. कसायाकडून बकऱ्याचा ताजा गुडघा आण, पीबीएसने भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून ठेव. गोठव-वितळव करत बसू नकोस.

फोंडेकर_बी: चिकटण्याचे विचारले कोणी? ३६५ चा दिवा पणजी-मडगावात कोणाकडे आहे? शनिवारी येऊन नेतो.

ताळगाव_पठार: माझ्याकडे आहे. येताना कण न घातलेले मिश्रणही आण, दोन्ही एकाच वेळी दिव्याखाली ठेवू.