लिटिल चॅम्प्स पुन्हा आणा, पण दर आठवड्याला मूल घरी पाठवणं बंद करा

सूरपेटी

"तुमचं ते लिटिल चॅम्प्स परत कधी लागणार हो?" गेल्या आठवड्यात क्लासमधल्या एका मुलीच्या आजींनी विचारलं. मी डोंबिवलीत लहान मुलांना गाणं शिकवते, सोळा वर्षं झाली. हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारतंच.

सा रे ग म प लिटिल चॅम्प्स, लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेचा तो कार्यक्रम, मला परत हवा आहे. अगदी मनापासून. पण त्यातल्या दोन गोष्टी काढून: मुलांचं एलिमिनेशन आणि प्रेक्षकांची मतं.

झी मराठीवरचं 2008-09 चं पर्व आठवा. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक, पल्लवी जोशींचं निवेदन. आळंदीची कार्तिकी गायकवाड, आरवलीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत, पुण्याची आर्या आंबेकर. विजेती कार्तिकी होती. पण आजही पालक माझ्याकडे येतात तेव्हा पाचही नावं एका दमात घेतात. महाअंतिम फेरीत पाचही जण होते, आणि 2021 मध्ये वाहिनीने हा कार्यक्रम परत आणला तेव्हा ज्यूरी म्हणून एकट्या विजेतीला न बोलावता या पाचही जणांना बोलावलं. बारा वर्षांनी वाहिनीलाही पाचही जणच हवे होते. मग आठ-दहा वर्षांच्या पोराला सगळ्या महाराष्ट्रासमोर "तुझा प्रवास इथे थांबतोय" असं सांगून नेमकं काय मिळतं?

चित्रपट दिग्दर्शक शूजित सरकार यांनी 2017 साली लहान मुलांच्या रिॲलिटी शोवर बंदीच घाला, असं जाहीरपणे म्हटलं होतं. मी तितकं म्हणणार नाही. मला बंदी नको, कार्यक्रम हवा. त्याची मांडणी तेवढी बदला.

लातूरकर

ताई, आदर ठेवून सांगतो, तुमचा मुद्दा उलटा आहे. पाच नावं आठवतात, कारण बाकीची मुलं बाहेर गेली. चाळीस मुलं शेवटपर्यंत गात राहिली असती तर एकाचंही नाव राहिलं नसतं.

आणि मतांचं म्हणाल तर मी तेव्हा अकरावीत होतो. रोहितसाठी आमच्या गल्लीत लोकांनी पदरचे पैसे घालून एसएमएस केले. एका एसएमएसला पैसे पडायचे, फुकट नव्हतं ते. लातूरचं नाव टीव्हीवर भूकंप आणि पाणीटंचाई सोडून आणखी कशासाठी तरी येत होतं. तुम्ही मतं काढली की निर्णय कोणाकडे जातो? मुंबई-पुण्याच्या चार जाणकारांकडे. ते चांगलेच असतात, पण त्यांच्या कानाला कोणतं गाणं गोड लागतं हे ठरलेलं असतं. मराठवाड्याच्या, विदर्भाच्या पोराला हक्काची माणसं म्हणून प्रेक्षकच होते.

रोहितचंच पुढचं बघा. 2020 मध्ये इंडियन आयडॉलच्या अकराव्या पर्वात तो उपविजेता झाला. स्पर्धेने त्याला मोडलं असतं तर तो इतक्या वर्षांनी पुन्हा स्वतःहून स्पर्धेत उतरला असता का?

हौशी_प्रेक्षक

"बाद केल्याशिवाय कोणी बघत नाही" हे गृहीत का धरायचं? होम मिनिस्टर 2004 मध्ये सुरू झालं आणि वीस वर्षं चाललं. आदेश बांदेकर दारात आले की वाडीभरची माणसं गोळा व्हायची. खेळ व्हायचे, एक वहिनी पैठणी जिंकायची, दुसरी हसत टाळ्या वाजवायची. हरलेल्या वहिनींच्या डोळ्यांवर कॅमेरा कोणी लावून बसत नव्हतं. माझ्या आत्याकडे शूटिंग झालं तेव्हा ती पैठणी हरली, तरी आजही त्या दिवसाचा फोटो दिवाणखान्यात आहे.

त्याच कार्यक्रमाला 2022 मध्ये महामिनिस्टर करून राज्यभराची स्पर्धा बनवलं, अकरा लाखांची पैठणी ठेवली. मी नेमाने बघणारी. मला त्यात आत्याचं घर दिसेना. बक्षीस वाढलं आणि माणसं मागे गेली, असं मला तरी वाटलं.

लातूरकर

होम मिनिस्टर कौतुकाचा कार्यक्रम होता, गुणवत्तेचा नव्हे. पैठणी जिंकून कोणाचं करिअर उभं राहत नाही. गाण्याच्या मंचावरून ते राहतं. हिंगणघाटच्या वैशाली माडेंनी आधी मराठी सा रे ग म प जिंकलं, मग 2009 मध्ये हिंदी. पुढे त्या हिंदी चित्रपटांत गायल्या. हिंगणघाटहून मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत जायला दुसरा कोणता रस्ता होता, सांगा.

एडिट_टेबल

मी सहा वर्षं गाण्याच्या एका रिॲलिटी शोच्या संकलनात होतो. कोणता ते सांगत नाही. दोन्ही बाजूंना थोडं आतलं सांगतो, कारण चर्चा एलिमिनेशनवर अडकली आहे आणि मला दुखणं थोडं शेजारी दिसतं.

निकाल सांगताना निवेदक थांबतो. सेटवर ते थांबणं तीन-चार सेकंदांचं असतं. माझ्या टेबलावर ते चौदा सेकंदांचं व्हायचं. मुलाचा चेहरा, आईचा चेहरा, परीक्षक, पुन्हा मुलाचा चेहरा, वर संगीताचा ठोका. आईचा तो चेहरा कित्येकदा निकालाच्या वेळचा नसायचाच. दुपारी दुसऱ्या कोणाचं गाणं ऐकताना टिपलेला असायचा. दिवसाला दोन भाग शूट व्हायचे. सकाळी आलेली मुलं संध्याकाळी थकलेली असायची आणि थकलेलं मूल लवकर रडतं. हे मी कोणाला दोष द्यायला सांगत नाही. ते कापण्याचं काम मी केलं आहे, चांगलं केलं म्हणून शाबासकीही घेतली आहे. आता माझी मुलगी सात वर्षांची झाली आणि ते चौदा सेकंद मला नीट दिसू लागले.

पण सूरपेटी, एलिमिनेशन काढून हे थांबणार नाही. दर भागाला ताण हवा, कारण ब्रेकनंतर माणूस परत यायला हवा आणि प्रोमोत दाखवायला काहीतरी हवं. स्पर्धेतून ताण मिळाला नाही तर तो मुलांच्या घरातून आणला जाईल. आमच्याकडे त्याला एव्ही म्हणतात, गाण्याआधी दाखवतात ती दोन-तीन मिनिटांची फिल्म. गळकं छप्पर, मजुरीला जाणारी आई, वडिलांचा फोटो. एलिमिनेशन बंद झालं तर एव्ही दोनाच्या पाच मिनिटांच्या होतील. मला त्यांची जास्त भीती वाटते. निकाल एका दिवसात विसरला जातो. घरची गरिबी गावभर दाखवली की ती त्या मुलाला शाळेत चिकटते.

चिपळूणची_आई

एडिट_टेबल यांचं वाचून लिहायला बसले, नाहीतर लिहिणार नव्हते.

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना आम्ही ऑडिशनला गेलो होतो. रात्रीची एसटी, पहाटे पुण्यात, एका शाळेच्या पटांगणात रांग. साडेतीनला तिचा नंबर आला. दोन गाणी म्हटली, पुढच्या खोलीत पाठवलं. तिथे गाणं नव्हतं. एक मुलगी वही घेऊन बसली होती, वागायला अगदी प्रेमळ. तिने विचारलं, घरी कोण कोण असतं, काही अडचण आहे का, बाळाच्या बाबतीत कधी काही मोठं घडलं का. आमचं किराणा दुकान आहे. माझे यजमान दुकान बघतात, सासूबाई हौसेने हिच्याकडून अभंग म्हणवून घेतात. सांगण्यासारखं काही नव्हतं. तिने वहीत दोन ओळी लिहिल्या आणि आम्ही कळवू म्हणाली.

परतीच्या एसटीत कराडच्या पुढे मुलगी मला म्हणाली, "आई, आपल्याकडे काहीच वाईट का नाही झालं?"

निवड न होण्याचं मला दुःख नाही. तिच्यापेक्षा चांगली गाणारी मुलं त्या रांगेत होती, माझ्या कानांनी ऐकली. पण त्या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता आलेलं नाही.

रात्रपाळी

कामगार कायद्याचं काम करतो, म्हणून थोडक्यात. टीव्हीवर काम करणाऱ्या मुलांसाठी 2017 पासून केंद्राचे नियम आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग 27 दिवसांपेक्षा जास्त नाही. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमायची. मुलाच्या कमाईतला किमान 20 टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकायचा. जून 2019 मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने मुलांच्या डान्स शोबद्दल वाहिन्यांना वेगळी सूचनाही दिली होती.

नियम चांगले आहेत. पण एव्हीत मुलाच्या घरातलं काय दाखवावं आणि ऑडिशनच्या खोलीत काय विचारावं, हे तासांच्या हिशेबात बसत नाही. माझ्या मते परत आणायच्या कार्यक्रमाने करारातच लिहून द्यावं की स्पर्धकाच्या घराबद्दल गाण्याच्या शिक्षणापलीकडे काही चित्रित होणार नाही. पालकांनी तेवढं वाक्य मागून घ्यावं.

बे_एरिया_मराठी

अमेरिकन आयडॉल फॉक्सवर 2016 मध्ये संपलं आणि दोनच वर्षांनी एबीसीवर परत आलं. तिथे स्पर्धकाचं वय किमान 15 लागतं. आपल्याकडेही तेच करा. स्पर्धा राहू द्या, मतं राहू द्या, वय वाढवा. पंधरा वर्षांच्या मुलाला नकार पचवता येतो.

सूरपेटी

पंधराची अट असती तर 'लिटिल मॉनिटर' म्हणून ओळखली गेलेली मुग्धा दिसलीच नसती. आठ वर्षांचा आवाज आठव्या वर्षीच असतो. मुलग्यांचा आवाज तेरा-चौदाच्या सुमाराला फुटतो आणि तो काळ मंचावर गाण्याचा नसतोच. मुलांनी गावं आणि लोकांनी ऐकावं, यात मला काहीच वाईट दिसत नाही.

लातूरकर, तुमचा एक मुद्दा मी मान्य करते. चाळीस मुलं शेवटपर्यंत ठेवता येणार नाहीत. मग निवड आधीच करा, ऑडिशनमध्ये, कॅमेरा बंद ठेवून. दहा मुलं निवडा आणि दहाही शेवटच्या भागापर्यंत ठेवा. दर आठवड्याला त्यांना नवं काही शिकवा. एक आठवडा भारूड, एक आठवडा नाट्यपद, एक आठवडा गोव्याच्या धालोची गाणी. मूल पहिल्या भागात कसं गात होतं आणि वीस आठवड्यांनी कसं गातं, याच्याइतकं बघण्यासारखं मला दुसरं काही माहीत नाही. क्लासमध्ये मी तेच बघते आणि मला कधी कंटाळा आलेला नाही.

एडिट_टेबल, ताण हवा म्हणता ना? वरचा सा लागेल की नाही, यात पुरेसा ताण असतो. आईच्या चेहऱ्याची गरज पडत नाही.

चिपळूणच्या ताई, मुलगी अजून गाते का?

लातूरकर

मतांबद्दल मी अजून ठाम आहे. बिग बॉस मराठीचं पाचवं पर्व 2024 मध्ये आलं. चौथं पर्व जानेवारी 2023 मध्ये संपल्यावर दीड वर्ष काही नव्हतं. रितेश देशमुख आले, 100 ऐवजी 70 दिवसांचा खेळ झाला आणि लोक परत बघायला लागले. जिंकला कोण? बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण. उपविजेते अभिजीत सावंत, पहिल्या इंडियन आयडॉलचे विजेते. परीक्षकांवर सोडलं असतं तर सूरज दुसऱ्या आठवड्यात घरी गेला असता. लोकांनी त्याला ठेवला.

हौशी_प्रेक्षक

सूरज मोठा माणूस आहे, स्वतःच्या पायांनी त्या घरात गेला. सावंतांचंही तेच. आठ वर्षांच्या मुलीशी तुलना नको. आणि खरं सांगू का, पहिल्या इंडियन आयडॉलला वीस वर्षांनी पुन्हा लोकांच्या मतांसाठी उभं राहिलेलं बघून माझ्या पोटात कालवलं. लोक ज्याला डोक्यावर घेतात त्याची गाणी ते पुढे विकत घेतातच असं नाही.

चिपळूणची_आई

गाते. आता तेरा वर्षांची आहे. मध्ये वर्षभर गाणं सोडलं होतं, मग देवळातल्या काकांनी पेटी शिकवायला घेतली आणि पेटीवरून गाण्यावर परत आली. मी तिला तुमची ही चर्चा वाचायला दिली. तिचं म्हणणं, दहा मुलं शेवटपर्यंत ठेवणार असाल तर शूटिंग शनिवार-रविवारी करा, नाहीतर सहामाही बुडते.

एडिट_टेबल

शनिवार-रविवारी दोन दिवसांत एकच भाग म्हणजे स्टुडिओचं भाडं चौपट. सेट, वाद्यवृंद, कॅमेरामन, सगळ्यांचे दिवस वाढतात. निर्माता आधी हाच आकडा बघतो. तरी अशक्य नाही. 10 मुलं म्हणजे मोठी ऑडिशन फेरी नाही, दर आठवड्याचं मतांचं काम नाही. तिथे वाचलेले पैसे इथे लावता येतील. असा कार्यक्रम कोणी केला तर मी परत टेबलावर बसेन, चौदा सेकंद न ताणण्याच्या अटीवर.

लातूरकर

माझीही अट लिहून ठेवा. त्या दहांची ऑडिशन लातूर, चंद्रपूर, नंदुरबार आणि सावंतवाडीत झाली पाहिजे. पोराला रात्रीच्या एसटीने पुण्याला नेऊन रांगेत उभं करायचं नाही, परीक्षकांनी आमच्याकडे यायचं. तेवढं झालं तर एलिमिनेशनचा हट्ट मी सोडतो. मतांचा सोडत नाही, त्यावर उद्या रात्री परत येतो.