कंटाळवाण्या कामात गोडी कशी लागते

डेटा एंट्रीच्या कामाला वैतागलेल्या एका ताईंनी इथं विचारलंय, कंटाळवाण्या कामात गोडी कशी लावायची. त्यावर ‘काम म्हणजे काम, मजा सुट्टीच्या दिवशी’ असं वर एका दादांनी लिहिलंय. मला ते पटत नाही.

मी कोल्हापुरात मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर (दलालाच्या पेढीवर) हिशेब लिहितो. हंगामात दिवसभर पट्ट्याच पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचे हिशेब: रवे (गुळाच्या ढेपा) किती, वजन, दर, हमाली, तोलाई. पहिल्या वर्षी नजर सारखी घड्याळाकडं. त्यात एका शेतकऱ्याच्या पट्टीत माझ्याकडून रक्कम कमी लागली, आणि ते मनाला फार लागलं.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. रव्यांचा आकडा दिसला की बेरजेआधी एकूण वजनाचा मनात अंदाज बांधायचा, मग ताडून बघायचा. फरक मोठा आला की आकडा परत तपासायचा. चुका तिथंच सापडतात, आणि जेवणाची वेळ कधी होते कळत नाही.

मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंटमिहाय यांनी १९७०च्या दशकात या तंद्रीला ‘फ्लो’ म्हटलं. उद्दिष्ट स्पष्ट हवं, चूक-बरोबर लगेच कळायला हवं आणि काम आपल्या कुवतीला जरा ताण देणारं हवं. अंदाजामुळं नेमकं हेच जमलं.

डेटा एंट्रीला वैतागलेल्या ताईंनी पन्नास-पन्नास नोंदींचे टप्पे पाडून आठवडाभर बघावं. कसं वाटलं ते इथं नक्की लिहा.